आधी नाक, मग पाना

पुण्याच्या गुलटेकडीवरील मार्केट यार्ड ही नाकाची एक मोठी शाळाच आहे. भुसार विभागातून जाताना मिरचीचा ठसका आणि गुळाचा गोडसर वास, पुढे कांद्याची पोती, मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या, फुलांचे ढीग. रोज तेथे वावरणारा हमाल डोळे मिटूनसुद्धा आपण कोणत्या गाळ्यापाशी आहोत ते सांगू शकेल. या सगळ्या वासांत अधूनमधून आणखी एक वास मिसळतो. तो मात्र शेतातून आलेला नसतो. पुरंदरची अंजिरे व सीताफळे घेऊन दिवे घाट उतरलेला टेम्पो, साताऱ्याच्या बाजूने आलेला मालट्रक, किंवा फाटकापाशी हातहात सरकणारी एखादी मोटार यांच्याजवळून जाताना आपण नाक मुरडतो आणि म्हणतो, “रबर जळतंय कुठंतरी!”

यानंतर लोक काय करतात ते तुम्ही पाहिलेच असेल. काहीजण काच वर करतात. काहीजण गाडीत सुगंधी डबी टांगतात. काहीजण गॅरेजमध्ये जाऊन मिस्त्रींना सांगतात, “बेल्ट बदलून टाका.” पहिल्या दोन उपायांनी वास झाकला जातो, बिघाड तसाच राहतो. तिसरा उपाय अधिक शहाणपणाचा वाटतो, पण त्यात प्रश्न समजून घेण्याआधीच उत्तर दिलेले असते. माझे म्हणणे असे, की जळका वास हा वाहनाने आपल्याला विचारलेला प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्याची एक रीत आहे आणि ती रीत शाळेत शिकवली गेली पाहिजे. ही मागणी तुम्हाला विचित्र वाटेल, म्हणून ती जरा सविस्तर मांडतो.

नाक काय करते?

एखाद्या पदार्थाचे रेणू हवेत मिसळून नाकात शिरले, की वास येतो. नाकाच्या वरच्या भागातील मज्जापेशींवर हे रेणू ओळखणारे ग्राहक असतात. माणसात अशा ग्राहकांचे सुमारे ४०० प्रकार आहेत. या ग्राहकांच्या शोधासाठी रिचर्ड ॲक्सेल आणि लिंडा बक या शास्त्रज्ञांना २००४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. गंधकयुक्त संयुगांच्या बाबतीत तर आपले नाक फारच तिखट आहे. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. त्यात इथाइल मरकॅप्टन हे गंधकाचे संयुग मुद्दाम मिसळलेले असते. हवेच्या एक अब्ज भागांत त्याचा एखादा भाग असला तरी नाक ते टिपते.

वास मुद्दाम का मिसळावा लागतो, यामागे एक दुःखद इतिहास आहे. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यात न्यू लंडन या गावच्या शाळेत नैसर्गिक वायू गळून साचला. त्याला वास नसल्याने कोणालाही कळले नाही. स्फोट झाला आणि सुमारे ३०० विद्यार्थी व शिक्षक प्राणास मुकले. त्यानंतर अशा वायूला वास देण्याचे कायदे झाले. जो इशारा देण्यासाठी तेथे कायदा करावा लागला, तो बिघडलेले वाहन आपल्याला फुकट देते. आणि आपण काच वर करतो!

रबराचा वास, पण रबर कोठे?

रबराच्या झाडाच्या चिकापासून मिळणारे कच्चे रबर उन्हात चिकट आणि थंडीत कडक होते. चार्ल्स गुडइयर याला १८३९ साली असे आढळले, की गंधक मिसळून तापवले असता रबर टिकाऊ व लवचिक बनते. गंधकाचे अणू रबराच्या लांबलचक रेणूंना जागोजाग टाके घालतात. हेच रबर प्रमाणाबाहेर तापले की रेणू तुटू लागतात, लहान तुकडे हवेत उडतात आणि त्यांतील गंधकाची संयुगे नाकाला झोंबतात.

पण येथेच एक गंमत आहे. मोटारीत ‘रबर जळल्याचा’ वास येतो तेव्हा पुष्कळदा रबराची कोणतीही वस्तू जळत नसते. ब्रेकचे लायनर आणि क्लचची प्लेट यांच्यावरचा घर्षणाचा थर रेझिन व इतर पदार्थांनी बांधलेला असतो. तो तापला की येणारा वास रबराच्या वासाशी मिळताजुळता असतो. वायरचे प्लास्टिक आवरण वितळले की त्याहून उग्र, डोळ्यांत पाणी आणणारा वास येतो. भाजीबाजाराच्या रस्त्यावर तर तिसरीच शक्यता असते. रस्त्यावर उडणारी प्लास्टिकची पिशवी गाडीखाली जाऊन तापलेल्या सायलेन्सरला चिकटते आणि वितळू लागते. म्हणजे ‘वास येतो’ हे निरीक्षण झाले. ‘रबर जळते आहे’ हा तर्क झाला. निरीक्षण आणि तर्क वेगळे ठेवणे हा विज्ञानाचा पहिला धडा आहे.

उष्णता कोठून आली?

तळहात एकमेकांवर ठेवून नुसते दाबा. काही होत नाही. आता दाबून घासा. लगेच ऊब जाणवते. घर्षणातून उष्णता निर्माण व्हायची तर दोन पृष्ठभाग एकमेकांवरून सरकले पाहिजेत. हे एवढे सूत्र ध्यानात ठेवले, तर मोटारीतील निम्मे बिघाड समजतात.

पिठाच्या गिरणीचा पट्टा तुम्ही पाहिला असेल. तो चाकाला घट्ट धरून फिरतो तोवर थंड राहतो. सैल होऊन घसरू लागला की किंचाळतो, तापतो आणि वास सोडतो. म्हणून जुने गिरणीवाले पट्ट्याला राळ लावीत. मोटारीचा फॅन बेल्ट हा याच पट्ट्याचा धाकटा भाऊ आहे. क्लचचेही तसेच. पेडल पूर्ण सोडले की प्लेट आणि फ्लायव्हील एकजीव होऊन फिरतात. अर्धवट दाबून ठेवले, ज्याला चालक ‘हाफ क्लच’ म्हणतात, तर दोन्ही वेगवेगळ्या गतीने फिरून एकमेकांवर घासतात. गर्दीत क्लचवर पाय ठेवून गाडी सरकवणारा चालक प्लेट भाजतच असतो.

ब्रेकचे काम तर गतीची उष्णता करणे हेच आहे. १००० किलोग्रॅम वजनाची मोटार ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिची गतिज ऊर्जा सुमारे १ लाख ३९ हजार ज्यूल होते. एकदा ब्रेक दाबून ती थांबवली, तर यातील बहुतेक ऊर्जा उष्णता होऊन ब्रेकमध्ये शिरते. अर्धा लिटर पाणी २५ अंशांवरून ९० अंशांपर्यंत तापवायला ती पुरेशी आहे. ही उष्णता हवेत निघून जायला वेळ मिळाला तर बिघडत नाही. पण एखाद्या चाकाचा ब्रेक सुटतच नसेल, किंवा हँडब्रेक ओढलेलाच राहिला असेल, तर भट्टी अखंड पेटलेली राहते.

तीन प्रश्न

अनुभवी मिस्त्री गाडीला हात लावण्यापूर्वी तीन प्रश्न विचारतो. ते तुम्हीही विचारू शकता.

पहिला प्रश्न : वास केव्हा येतो? गाडी उभी आहे, इंजिन चालू आहे आणि तरीही वास येतो, तर ब्रेक आणि टायर यांच्यावरचा संशय बराच कमी होतो. राहतात बेल्ट, वायर, गळून तापलेल्या भागावर पडणारे तेल आणि चिकटलेली पिशवी. चढावर किंवा गर्दीत सरकताना वास येतो, तर क्लच. घाट उतरल्यावर किंवा बरेच अंतर धावल्यावर येतो, तर ब्रेक. खड्ड्यातून जाताना किंवा चाक पूर्ण वळवल्यावर येतो, तर टायर कोठेतरी घासत असावा.

दुसरा प्रश्न : वास कोठून येतो? बोनेटखालून, एखाद्या चाकाजवळून, मधूनच खालून, की डॅशबोर्डातून? गाडी सुरक्षित जागी थांबवून एखाद्या मोठ्या माणसाने चारही चाकांजवळ हाताची मागची बाजू न्यावी. चाकाला हात मात्र लावू नये. पुढची चाके मागच्यांपेक्षा अधिक तापणे साहजिक आहे, कारण ब्रेक मारताना भार पुढे येतो. म्हणून डाव्या चाकाची तुलना उजव्याशी करावी. एकच चाक धगधगत असेल, तर तेथला ब्रेक अडकला आहे.

तिसरा प्रश्न : वासाबरोबर आणखी काय घडते? सुरू करताना किंचाळल्यासारखा आवाज येतो आणि बॅटरीचा लाल दिवा लागतो, तर बेल्ट. इंजिनाचा आवाज चढतो पण गाडीचा वेग वाढत नाही, तर क्लच. गाडी एका बाजूला ओढते, तर ब्रेक. दिवे मिणमिणतात किंवा फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो, तर वायर. धान्याच्या गोदामांजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत या शेवटच्या शक्यतेकडे अधिक लक्ष द्यावे. रात्री उबेसाठी बोनेटखाली शिरलेले उंदीर वायरी कुरतडतात.

या तीन प्रश्नांना ना यंत्र लागते, ना पैसा. पण प्रत्येक उत्तराबरोबर संशयितांची यादी लहान होत जाते. डॉक्टर ताप आलेल्या रोग्याला प्रश्न विचारतात ते याच कारणासाठी.

गुन्हेगार आणि बळी

समजा, तीन प्रश्नांवरून बेल्ट सापडला. बोनेट उघडले, तर बेल्टची आतली बाजू चकचकीत झालेली, कडा करपलेल्या. नवा बेल्ट घातला. वास गेला. आठवड्याने पुन्हा आला! असे का व्हावे? बेल्ट ज्या पुलींवरून फिरतो त्यांपैकी एखादी, उदाहरणार्थ ऑल्टर्नेटरची, बेअरिंग अडकल्यामुळे नीट फिरतच नसेल. मग तिच्यावरून बेल्ट घासत जातो. अशा वेळी बेल्ट गुन्हेगार नसतो, तो बळी असतो. बळी बदलून गुन्हा थांबत नाही. इंजिन बंद करून, बेल्ट काढून प्रत्येक पुली हाताने फिरवून पाहिली असती, तर अडकलेली पुली पाच मिनिटांत सापडली असती.

असेच क्लचचे. प्लेट बदलली, पण पेडलवर पाय ठेवण्याची सवय बदलली नाही, तर नवी प्लेटही करपणार. असेच फ्यूजचे. फ्यूज उडतो म्हणून त्याजागी जाड तार बसवणारे महाभाग आपल्या घराघरांत आहेत. फ्यूज हा पहारेकरी आहे. त्याचे तोंड बांधले, की पुढचा इशारा धुराचाच असतो. दुरुस्ती म्हणजे नुसता भाग बदलणे नव्हे. तो भाग का गेला ते शोधून ते कारण दूर करणे, याला दुरुस्ती म्हणतात.

उतारावरचा हिशेब

हे सारे गॅरेजपुरते आहे असे समजू नका. मालासह २५ टन वजनाचा ट्रक १०० मीटर उंचीचा उतार उतरतो, तेव्हा २ कोटी ४५ लाख ज्यूल ऊर्जा कोठेतरी जिरवावी लागते. सुमारे ७८ लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला लागते तेवढी ही ऊर्जा आहे. ट्रक खालच्या गिअरमध्ये असेल, तर तिचा मोठा वाटा इंजिन पेलते. म्हणूनच ‘ज्या गिअरमध्ये चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा’ असे जुने चालक सांगतात. पण डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये टाकली किंवा इंजिनच बंद केले, तर जवळजवळ सगळा भार ब्रेकवर पडतो. हवेचा व रस्त्याचा अवरोध घेतो तो वाटा लहानच. आधी वास येतो. मग तापलेल्या लायनरची पकड कमी होते. मग चालक अधिक जोराने ब्रेक दाबतो आणि ते आणखी तापतात. इंजिन बंद असेल, तर हवेच्या ब्रेकसाठी हवा भरणारा कॉम्प्रेसरही बंद असतो. टाकीतली हवा ब्रेक दाबता दाबता संपत जाते.

२० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री पुण्याजवळ नवले पुलापाशी, कात्रजच्या नव्या बोगद्याकडून येणाऱ्या उतारावर एका ट्रकने अनेक वाहनांना धडक दिली. प्रथम सर्वांच्या तोंडी ‘ब्रेक फेल’ हेच शब्द होते. पोलिसांच्या प्राथमिक तपासात मात्र, चालकाने उतारावर इंजिन बंद केले होते, असे पुढे आले. ‘ब्रेक फेल’ हे दोन शब्द म्हटले, की जणू दैवानेच काही केले असे वाटते आणि पुढचा विचार थांबतो. ब्रेक कशाने निकामी झाले, हा प्रश्न विचारला की माणसाची एक सवय समोर येते आणि सवय बदलता येते. शिवाय त्या सवयीने बचतही होत नाही. आजची इंधन फवारणारी इंजिने गिअरमध्ये उतार उतरताना, पाय ॲक्सिलरेटरवर नसेल, तर इंधन आपोआप बंद करतात.

“पण आता संगणक आहे ना?”

काही वाचक म्हणतील, की आजच्या गाड्यांत संगणक आहे. बिघाड झाला की दिवा लागतो. मग नाक कशाला? हा आक्षेप विचार करण्याजोगा आहे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस ६ मानकांनंतरच्या गाड्यांत पुष्कळ संवेदक असतात हे खरे. पण संवेदक फक्त त्याला नेमून दिलेली गोष्ट मोजतो. सायलेन्सरला चिकटलेली पिशवी मोजायला कोणीही संवेदक बसवलेला नाही. बहुतेक साध्या गाड्यांत अडकलेल्या ब्रेकचे तापमानही कोणी मोजत नाही. विजेवर चालणाऱ्या मोटारीत क्लच नसतो, इंजिनाचा फॅन बेल्टही नसतो. पण ब्रेक, टायर आणि वायरी तेथेही आहेतच.

दुसरा आक्षेप असा, की वास मोजता येत नाही आणि जे मोजता येत नाही ते विज्ञान कसले? नाक आकडा देत नाही हे मान्य. ते चुकतेही. सर्दीत ते बंद असते आणि २०२० नंतरच्या कोरोनाच्या साथीत कित्येकांची वास घेण्याची शक्ती काही काळ गेली होती. म्हणूनच नाकाने निकाल देऊ नये, नाकाने प्रश्न उभा करावा. निकाल तपासणीने द्यावा.

नाकाची आणखी एक उणीव मात्र तुमच्या फार उपयोगाची आहे. एकच वास सतत येत राहिला, की काही मिनिटांत तो जाणवेनासा होतो. शाळेच्या व्हॅनमध्ये तासभर बसलेल्या चालककाकांना हळूहळू वाढणारा जळका वास कळणारही नाही. पण तुम्ही बाहेरच्या हवेतून नुकतेच आत शिरलेले असता. त्या क्षणी गाडीतले सर्वांत विश्वासू नाक तुमचे असते. तेव्हा संकोच न करता सांगा, “काका, जळल्याचा वास येतोय. गाडी बाजूला घेता का?” आणि मोठ्यांना माझी विनंती आहे, की असे सांगणाऱ्या मुलाला “गप्प बस” म्हणू नका. वास खोटा निघाला तर दोन मिनिटे जातील. खरा निघाला तर गाडीतली सगळी मुले वाचतील.

काही पथ्ये मात्र कटाक्षाने पाळा. चालू इंजिनात हात घालू नका. इंजिन बंद केल्यावरही काही गाड्यांचा विजेचा पंखा आपोआप सुरू होतो. धगधगत्या चाकावर पाणी ओतू नका. धूर दिसला तर आधी सर्वांनी खाली उतरून दूर व्हावे. बोनेट उघडू नका, कारण आत हवा गेली तर आग भडकते. प्लास्टिकचा धूर हुंगत बसू नका. जुन्या गाड्यांच्या ब्रेकची धूळ फुंकू नका, कारण त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे. दुरुस्ती हे जाणत्या मिस्त्रीचे काम. तुमचे काम निरीक्षण करण्याचे आणि प्रश्न विचारण्याचे.

शिक्षकांना

आपल्या प्रयोगशाळेत विद्यार्थी जो प्रयोग करतात, त्याचे उत्तर पुस्तकात आधीच छापलेले असते. आकडा जुळला की गुण. खऱ्या आयुष्यात उत्तर छापलेले नसते, नुसता वास येतो. वर्षातून एखादा तास तरी असा असावा, की ज्यात उत्तर शिक्षकांनाही ठाऊक नाही. शाळेजवळच्या गॅरेजमधील मिस्त्रींना वर्गावर बोलवा. गाडी आवारात उभी करा. त्यांना विचारा, “तुम्ही बिघाड ओळखता कसा?” मुलांना फळ्यावर संशयितांची यादी करू द्या आणि प्रत्येक तपासणीनंतर एकेक नाव खोडू द्या. घर्षण, उष्णता, रबराचे रसायनशास्त्र, विजेचे मंडल आणि मज्जासंस्था हे पाच धडे त्या एका तासात येऊन जातात. शिवाय मुलांना हेही दिसते, की तेलकट कपड्यांतला हा माणूस तेच करतो आहे, जे पांढऱ्या कोटातला शास्त्रज्ञ करतो : पाहणे, तर्क करणे, पडताळणे आणि मगच हात घालणे.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी बहुतेकजण मोटार दुरुस्त करणारे होणार नाहीत. कोणी डॉक्टर होईल, कोणी शेती करील, कोणी दुकान चालवील. पण शेतातले पीक पिवळे पडेल, दुकानाचा हिशेब जुळणार नाही, घरात कोणी आजारी पडेल. त्या वेळी हाताशी येईल तो भाग बदलून मोकळे व्हायचे, की केव्हा, कोठे आणि बरोबर आणखी काय, हे तीन प्रश्न विचारायचे, हे तुम्हालाच ठरवावे लागेल. ती सवय आतापासून लावून घ्या.